आधी ओळख, मग खरेदी

अगं, तुला जुन्या लष्करी स्मोक ग्रेनेडचा नाद लागलाय हे ऐकून घरातले बाकीचे काळजीत पडलेत, मला मात्र मनापासून आनंद झाला. नाद चांगला आहे. युद्धाचा इतिहास, रसायनशास्त्र, कारखानदारी, सगळं त्या पत्र्याच्या डब्यावर लिहिलेलं असतं. पण तू धाकटी आहेस, म्हणून हक्कानं सांगते. या छंदात पैसे सगळ्यात शेवटी बाहेर काढायचे. हा डबा कोणत्या सैन्याचा, कोणत्या काळातला, त्यात काय भरत असत आणि आत्ता आत काय आहे, या चार प्रश्नांची उत्तरं स्वतःला देता आली की मगच पर्स उघड. तोवर विक्री-मेळ्यात नुसते फोटो काढ, वहीत टिपून घे, विक्रेत्याशी बोल आणि हात जोडून पुढच्या टेबलाकडे जा.

आधी या वस्तूचं काम समजून घे, म्हणजे पुढचं सोपं जाईल. स्मोक ग्रेनेडची कामं दोन. एक म्हणजे आडोसा. उघड्या मैदानातून माणसं पलीकडे न्यायची असली की त्यांच्या आणि शत्रूच्या मधे पांढऱ्या धुराचा पडदा उभा करायचा. दुसरं म्हणजे खूण. रंगीत धूर सोडून विमानाला कळवायचं की आम्ही इथं आहोत. व्हिएतनामच्या युद्धातली यासंबंधीची एक पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. जंगलातल्या अमेरिकन तुकडीनं हेलिकॉप्टर बोलावलं की ती धूर सोडायची, पण रंग कोणता ते रेडिओवर सांगायची नाही. वैमानिक वरून बघायचा, दिसलेला रंग सांगायचा आणि खालचे हो म्हणायचे. कारण रेडिओ शत्रूही ऐकत असे. रंगाचं नाव आधीच कळलं असतं, तर त्यानंही तोच धूर सोडून हेलिकॉप्टर आपल्या बंदुकांसमोर उतरवून घेतलं असतं. लाल, हिरवा, पिवळा आणि जांभळा असे चार रंगांचे ग्रेनेड का ठेवले होते, ते यावरून कळतं.

धुराची ही गोष्ट आपल्या माणसांपासूनही दूर नाही. मे १९४४ मध्ये इटलीत मोंते कसीनोच्या पायथ्याशी आठव्या इंडियन डिव्हिजननं गारी नदी ओलांडली. १/५ मराठा लाइट इन्फंट्री याच डिव्हिजनमध्ये होती. डोंगरावरून जर्मनांना सगळं खोरं दिसायचं, म्हणून तिथं धुराचा वापर अतोनात झाला. ओलांडण्याच्या रात्री नदीवरचं धुकं आणि धूर एकमेकांत असे मिसळले की समोरचा माणूस दिसेना. ज्यानं आपल्याला लपवायचं, त्यानंच आपली वाटही हरवायची, हा धुराचा स्वभाव आहे. हा इतिहास माहीत असला की समोरचा डबा नुसता पत्रा राहत नाही. त्यासाठी तरी आधी वाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे नीट लक्षात ठेव. धुराचे ग्रेनेड मुख्यतः दोन जातींचे. पहिले जळणारे. यांचा स्फोट होत नाही. आतलं मिश्रण पेटतं आणि भोकांतून धूर बाहेर येतो. दुसरे फुटणारे. यांत पांढरा फॉस्फरस भरलेला असतो आणि मधल्या छोट्या स्फोटकानं डबा फुटून तो चहूकडे उडतो. पांढरा फॉस्फरस हवा लागताच आपोआप पेटतो आणि अंगावर पडला तर मांसात खोल जळत जातो. डबा ऐंशी वर्षांपूर्वीचा असला म्हणून तो विझलेला असतो असं समजू नकोस. गंजलेल्या पत्र्याला चीर पडली, हवा आत गेली, की आतला फॉस्फरस पेटतो. जळणारे डबेही निरुपद्रवी नाहीत. पांढऱ्या धुराच्या जुन्या डब्यांत हेक्साक्लोरोइथेन असे. त्याच्या धुरातलं झिंक क्लोराइड फुप्फुसं जाळतं. बंद जागेत हा धूर घेऊन माणसं दगावली आहेत. म्हणूनच अमेरिकेनं सरावासाठी पुढे वेगळ्या मिश्रणाचा, एम-८३ नावाचा ग्रेनेड आणला.

त्यामुळे आपल्यासारख्यांनी घ्यायचा तो फक्त रिकामा डबा. रिकामा म्हणजे विक्रेता रिकामा म्हणतो तो नव्हे, तुला आरपार बघता येतो तो. फ्यूज फिरवून काढलेला असावा, आत टॉर्च मारल्यावर तळाचा पत्रा दिसावा, भोकांतून उजेड आरपार जावा. हे सगळं विक्रेत्याच्या हातून करून घ्यायचं, आपण करायचं नाही. पिन ओढून बघायची नाही, लिव्हर दाबायचा नाही, तारेच्या ब्रशनं गंज काढायचा नाही, ड्रिलचं तर नावच काढू नकोस. वजनाचा थोडा उपयोग होतो. भरलेला एम-१८, म्हणजे अमेरिकन रंगीत धुराचा ग्रेनेड, साधारण ५४० ग्रॅम भरतो. पण वापरलेल्या डब्यातही जळालेल्या मिश्रणाचं ढेकूळ उरतं, आणि अर्धवट जळून विझलेले डबेही सापडतात. तेव्हा नुसत्या वजनावर भरवसा ठेवायचा नाही. चांगले विक्रेते डब्यात स्फोटक शिल्लक नसल्याचं लेखी प्रमाणपत्र देतात. ब्रिटनमध्ये त्याला ‘फ्री फ्रॉम एक्स्प्लोझिव्ह’ म्हणतात. ते मागायला संकोच करू नकोस. जो द्यायला कुरकुरतो, त्याच्याकडून काहीच घेऊ नकोस.

जमिनीतून खणून काढलेला माल तर अजिबात नको. तू राहतेस त्या ब्रिटनमध्ये शेताच्या बांधावर किंवा घराचा पाया खणताना अजूनही दुसऱ्या महायुद्धातला दारूगोळा सापडतो. होमगार्डनं १९४० च्या सुमारास पुरून ठेवलेल्या फॉस्फरसच्या काचेच्या बाटल्या, नंबर ७६ ग्रेनेड, हे त्याचं ठळक उदाहरण आहे. आत पांढरा फॉस्फरस आणि बेंझिन, वर सोडावॉटरच्या बाटलीसारखं बूच. बाटली फुटली की लगेच आग. असं काही कुठं दिसलं तर हात लावू नकोस, उचलून बाजूला ठेवू नकोस, दूर हो आणि ९९९ ला फोन कर. पोलीस लष्कराच्या बॉम्बनाशक पथकाला बोलावतात. ते त्यांचं रोजचं काम आहे आणि फोन केल्याबद्दल कुणी तुला रागावणार नाही.

आता ओळखण्याकडे वळू. सुरुवात अमेरिकन डब्यांपासून कर, कारण बाजारात तेच जास्त दिसतात आणि त्यांच्यावर लिहिलेलंही भरपूर असतं. १९४२ मध्ये तयार झालेला एम-१८ हा या घराण्यातला सगळ्यात प्रसिद्ध. सुमारे साडेचौदा सेंटिमीटर उंच, सहा-साडेसहा सेंटिमीटर जाड. धूर ५० ते ९० सेकंद. जांभळ्या धुराचा एक वापरलेला एम-१८ समोर आहे असं धर. अंग शेवाळी हिरवं, झाकण जांभळं. आतला धूर कोणत्या रंगाचा ते झाकणाच्या रंगावरून कळतं. वरच्या बाजूला चार भोकं आणि तळाला एक. तळाच्या भोकाच्या काठाला बोट लावलं तर जांभळी पूड अजून खरखरीत लागते. भोकाभोवतीचा रंग फुगून पापुद्र्यासारखा उठलाय, कारण तिथं उष्णता सगळ्यात जास्त. वापरलेला डबा असाच दिसला पाहिजे. झाकण जांभळं, पण भोकांच्या काठाला दुसऱ्याच रंगाची पूड, असं दिसलं तर झाकण नंतर रंगवलंय हे समजून जा. डबा हाताळताना मात्र हातमोजे घाल आणि नंतर हात साबणानं स्वच्छ धू. जुन्या धुरातले काही रंग आरोग्याला घातक होते, म्हणून अमेरिकन लष्करानं पुढे मिश्रणं बदलली.

दुसरा एएन-एम८. हा पांढऱ्या धुराचा, आडोशासाठीचा. पूर्ण भरलेला सुमारे ६८० ग्रॅम, आणि धूर जास्त वेळ, १०५ ते १५० सेकंद. नंतरच्या काळातला डबा फिकट हिरवा, अक्षरं काळी, झाकण पांढरं. पण महायुद्धातला डबा राखाडी, त्यावर पिवळा पट्टा आणि पिवळी अक्षरं. इथंच नवखा माणूस फसतो. महायुद्धाच्या काळातला एम-१५ हा पांढऱ्या फॉस्फरसचा ग्रेनेडही राखाडीच, पट्टाही पिवळाच. फरक अक्षरांत. एकावर ‘एचसी’, दुसऱ्यावर ‘डब्ल्यूपी’. पहिला जळणारा, दुसरा फुटणारा. रंग उडालेल्या डब्यावर ही दोन अक्षरं वाचता येत नसतील तर तो डबा तुझ्या कामाचा नाही, मग तो कितीही सुंदर दिसो. फ्यूजसुद्धा बघायचा. एम-१८ आणि एएन-एम८ ला पेटवणारा फ्यूज असतो, एम-२००ए१ किंवा नंतरचा एम-२०१ए१. फॉस्फरसच्या एम-१५ ला मात्र स्फोट करणारा फ्यूज लागतो. फ्यूजचं नाव लिव्हरवर ठोकलेलं असतं, तिरप्या उजेडात धरलं की वाचता येतं.

आकारावर तर मुळीच जाऊ नकोस. त्याच मापाच्या, त्याच घाटाच्या डब्यात अश्रुधुराचा एम-७ मिळतो, राखाडी अंगावर लाल पट्टा. आणि लोखंड वितळवणारा थर्माइटचा एएन-एम१४ सुद्धा त्याच मापाचा. कारखान्याला एकच साचा सोयीचा होता, म्हणून सैनिकांना रंग आणि पट्टे पाठ करावे लागत. आपणही तेच करायचं. आधी अंगाचा रंग, मग पट्टा, मग अक्षरं, मग फ्यूज आणि शेवटी लॉट क्रमांक. हा क्रम कधी मोडू नकोस. लॉट क्रमांकाच्या सुरुवातीला कारखान्याची खूण असते. ‘पीबी’ दिसलं तर डबा अमेरिकेतल्या आर्कान्सामधल्या पाइन ब्लफ आर्सेनलचा. हा कारखाना १९४१ मध्ये सुरू झाला, त्यामुळे त्याच्या नावाचा डबा त्याआधीचा आहे असं कुणी सांगू लागलं तर तिथंच संभाषण संपव.

ब्रिटिश मालात तुला नंबर ७७ हमखास भेटेल. १९४३ चा, पत्र्याचा, आत पांढरा फॉस्फरस. त्याच्या डोक्यावरचं बॅकेलाइटचं झाकण उघडलं की खाली सुती फीत गुंडाळलेली असते आणि तिच्या टोकाला शिशाचं वजन. ग्रेनेड हवेत असताना ती फीत सुटायची, सुरक्षेचा खिळा ओढून न्यायची, आणि मग तो कोणत्याही बाजूनं आपटला तरी फुटायचा. या २४७ नंबरच्या फ्यूजमुळेच हा ग्रेनेड संग्राहकासाठी सगळ्यात धोक्याचा. फीत एकदा सुटली की त्याला नुसता धक्का पुरतो. फीत सुटलेला, आत काय आहे ते दिसत नसलेला नंबर ७७ टेबलावर दिसला तर तिथं थांबूही नकोस. आयोजकांना शांतपणे सांग आणि बाहेर पड. त्याच्यानंतरचा नंबर ८०, तोही पांढऱ्या फॉस्फरसचा, महायुद्धाच्या शेवटी आला आणि १९८२ च्या फॉकलंडच्या लढाईपर्यंत ब्रिटिश सैनिकांच्या कमरेला होता. त्याला लिव्हर आणि पिन असते, फीत नसते. ही खूण लक्षात राहिली तरी दोघांत गोंधळ होणार नाही.

जर्मन वस्तू महाग आणि नकली मालही त्यातच जास्त. लाकडी दांड्याचा नेबेलहँडग्रनाटे ३९ हा त्यांचा धुराचा ग्रेनेड. तो त्यांच्या स्फोटक दांड्याच्या ग्रेनेडसारखाच दिसतो. ओळखायचा तो डोक्यावरच्या तुटक पांढऱ्या पट्ट्यावरून आणि अक्षरांवरून, शिवाय डोक्याच्या खालच्या बाजूला दांड्याभोवती धूर निघायची भोकं असतात. पट्टा आणि अक्षरं कुणीही रंगवू शकतो, भोकं मात्र सहज नकली करता येत नाहीत. म्हणून जर्मन दांडा उलटा धरून आधी भोकं बघ. १९४३ मधला त्यांचा ब्लेंडकॉर्पर तर काचेचाच, दिव्याच्या बल्बसारखा गोल. आत टायटॅनियम टेट्राक्लोराइड. रणगाड्यावर आपटून फोडायचा, आतला द्रव हवेतल्या ओलाव्याला लागला की दाट धूर होऊन रणगाड्यात शिरायचा आणि माणसं बाहेर यायची. अखंड, भरलेला ब्लेंडकॉर्पर संग्रहात ठेवण्याजोगी वस्तू नाही. काच तडकली की खोली आम्लाच्या वाफांनी भरते.

नकली माल ओळखायला डोळा तयार करावा लागतो. जुना रंग गंजाच्या आधीचा असतो, त्यामुळे गंज रंगाला खालून ढकलत वर येतो. नवा रंग गंजावर चढवलेला असतो, तो गंजाच्या खड्ड्यात साचलेला दिसतो. जुनी अक्षरं स्टेन्सिलची, कडा किंचित फिसकटलेल्या. आताची चिकटवलेली अक्षरं अगदी रेखीव, आणि नखानं त्यांची कड लागते. अंग एका दशकातलं आणि फ्यूज दुसऱ्या दशकातला, असाही जोड पुष्कळ दिसतो. तो खोटाच असतो असं नाही, पण त्याला अस्सल जोडीची किंमत द्यायची नाही आणि वहीत तसं स्पष्ट लिहायचं.

वहीचं म्हणशील तर प्रत्येक वस्तूला एक पान दे. कुठून घेतली, कुणाकडून, किती पैसे दिले, लॉट क्रमांक, फ्यूज, रंगाचं वर्णन, प्रमाणपत्राची प्रत आणि चारी बाजूंचे फोटो. उद्या घरात नसताना कुणी तो डबा पाहिला, घाबरलं आणि पोलिसांना बोलावलं, तर हेच पान तुला तारेल. वाचायला अमेरिकन लष्कराची ‘ग्रेनेड्स अँड पायरोटेक्निक सिग्नल्स’ ही १९८८ ची पुस्तिका घे, रंग आणि मापं तिच्यात नीट दिली आहेत. जर्मन वस्तूंसाठी अमेरिकनांनीच मार्च १९४५ मध्ये छापलेलं ‘हँडबुक ऑन जर्मन मिलिटरी फोर्सेस’ आहे. आणि लंडनला गेलीस की इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये दिवस घाल. अस्सल रंग डोळ्यांत बसला की नकली रंग खटकायला लागतो.

आणखी एक, दिवाळीला घरी येशील तेव्हाचं. यातली एकही वस्तू भारतात आणायची नाही, रिकामीसुद्धा नाही. विमानतळावर रिकामा ग्रेनेड आणि भरलेला ग्रेनेड यांत कुणी फरक करत बसत नाही, आणि करूही नये. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच ग्रेनेड येतो, शिवाय १९०८ चा स्फोटक पदार्थ कायदा आहे. आपल्याकडे राहणाऱ्या तुझ्या मैत्रिणींनी हा छंद पुस्तकं, जुन्या लष्करी पुस्तिका आणि फोटो यांवर जोपासावा. त्यातही खूप आनंद आहे. बघायचंच असेल तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जा. तिथल्या सेंच्युरियन रणगाड्याच्या बुरुजाच्या दोन्ही बाजूंना धुराच्या ग्रेनेडसाठी लावलेल्या आखूड नळ्यांचे जुडगे नीट बघ. बहुतेक लोक तोफ बघून पुढे जातात. रणगाडा अडचणीत सापडला की आधी या नळ्यांतून धूर उडायचा आणि मगच माघार घ्यायची. पुण्याजवळ देहू रोडच्या कारखान्यात आजही धुराचा दारूगोळा बनतो, म्हणजे हा विषय आपल्या घरापासून किती जवळ आहे बघ.

सुरुवात कशानं करायची असं विचारशील, तर एका वापरलेल्या, फ्यूज काढलेल्या, प्रमाणपत्रासह मिळणाऱ्या एम-१८ नं कर. तो स्वस्त मिळतो, त्याच्यावर अभ्यास भरपूर आहे आणि तो जळणाऱ्या जातीचा आहे. फॉस्फरसच्या डब्यांकडे पहिली काही वर्षं फक्त काचेच्या पलीकडून बघ. दर वेळी घेण्याआधी फोटो मला पाठव, आपण दोघी मिळून रंग, पट्टा, अक्षरं, फ्यूज आणि लॉट बघू. संग्रह मोठा असण्यात मोठेपण नाही. कपाटातल्या प्रत्येक डब्याबद्दल न अडखळता सांगता येणं, यात आहे. आणि ज्या डब्याबद्दल एका जरी प्रश्नाचं उत्तर ‘नक्की माहीत नाही’ असं येईल, तो डबा, कितीही दुर्मिळ असो, कितीही स्वस्त मिळत असो, घ्यायचा नाही.